मुदतबाह्य कीडनाशकांचा साठा आणि दूषित गोदामांची सफाई: कोणते कागद, कोणाकडे, कोणत्या क्रमाने

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडच्या वडसा-आरमोरी पट्ट्यात रोवणीच्या आधी खत ठेवण्यासाठी गोदामे रिकामी केली जातात. पुढची पोती हलली की मागच्या भिंतीला जुना माल दिसतो. त्यात गंजलेले डबे, लेबल उडालेल्या बाटल्या आणि उंदरांनी फाडलेली दाणेदार औषधाची पोती असतात. अशा मालाचे काय करायचे, हा प्रश्न दर वर्षी येतो आणि गावात त्याचे एकच उत्तर मिळते, "खड्डा करून पुरून टाका." हे उत्तर चुकीचे का आहे आणि बरोबर मार्गाने जायचे तर कोणती कागदपत्रे लागतात, याची माहिती या लेखात दिली आहे.

काही वर्षांपूर्वी या भागातील एका सेवा सहकारी संस्थेचे जुने गोदाम पाहण्याचा प्रसंग आला. आत फोरेटची दाणेदार पोती होती आणि बीएचसीची दहा टक्के भुकटी होती. एका कोपऱ्यात जमीन काळपट ओली होती, तिथे काय सांडले होते ते कोणालाच सांगता येईना. गोदामाच्या मागे तीस-चाळीस पावलांवर बोडी होती. सचिवांनी विचारले, "साहेब, हे उचलायला अर्ज कोणत्या ऑफिसात करायचा?" मला त्या दिवशी पूर्ण उत्तर देता आले नाही. त्यांनी दोन कार्यालयांत विचारणा केली, दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा गोदाम धुऊन स्वच्छ होते आणि माल नव्हता. तो कुठे गेला, हे कोणी सांगितले नाही. तेव्हापासून या विषयाचे नियम मी शोधून वाचत गेलो.

धानपट्ट्यात कोणता माल अडकून पडतो?

गादमाशी आणि खोडकिड्यासाठी पऱ्ह्यात व बांधीत फोरेट दाणेदार टाकण्याची पद्धत पूर्व विदर्भात अनेक वर्षे होती. केंद्र सरकारने ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने अठरा कीडनाशकांवर बंदी आणली. त्यातील कार्बारिल, मिथाइल पॅराथिऑन, डायझिनॉन, फेन्थिऑन यांसह बारा लगेच बंद झाली. फोरेट, डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस, ट्रायक्लोरफॉन आणि अलाक्लोर ही सहा ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली. त्याआधी बीएचसी १९९७ मध्ये, तर एन्डोसल्फान मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाले होते. प्रत्येक बंदीनंतर काही माल दुकानात, काही संस्थेत आणि थोडा शेतकऱ्याच्या माळ्यावर राहिला. बंदीच्या आदेशाने विक्री थांबते, पोते आपोआप नाहीसे होत नाही.

यातील धोका एकसारखा नाही. फोरेट हे सेंद्रिय फॉस्फरस गटातील अत्यंत जहाल विष आहे, डब्यावर लाल त्रिकोण असतो. ते हाताला लागले किंवा त्याची धूळ श्वासात गेली तरी विषबाधा होऊ शकते. बीएचसीची विषबाधा इतकी झटपट होत नाही, पण ते मातीत दशकानुदशके टिकते आणि माशांच्या व जनावरांच्या चरबीत साठते. म्हणूनच त्यातील घटक २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत घेतले गेले. हा करार भारताने २००६ मध्ये मान्य केला आहे. आपल्याकडे मामा तलाव आणि बोड्यांचे पाणी शेतीला, जनावरांना आणि मासेमारीला असे तिन्हीकडे वापरले जाते. त्यामुळे गोदामाची जागा आणि पाण्याची जागा यांतील अंतर हा या भागातला पहिला प्रश्न आहे.

जंगलपट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बेवारस विष रानडुकरांसाठी मांसात किंवा पिठात कालवले जाते आणि त्यात वाघ-बिबट मरतो. मग वन विभागाची चौकशी सुरू होते आणि औषध कोणाच्या गोदामातले, हा प्रश्न येतो. साठ्याची यादी ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तरही नसते.

"पुरून टाका" हे कुठून आले?

याला नियमाचाच आधार सांगितला जातो. कीटकनाशके नियम, १९७१ मधील नियम ४४ म्हणतो की वापरलेली वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. हे रिकाम्या वेष्टनांबद्दल आहे. उरलेले औषध आणि धुवण याबाबत त्याच नियमात वेगळे वाक्य आहे: पाणी व पर्यावरण दूषित होणार नाही अशा सुरक्षित रीतीने विल्हेवाट लावावी. भरलेली पोती पुरण्याची मुभा या नियमात कुठेही नाही. पन्नास वर्षांत वेष्टनाचा नियम औषधाला चिकटवला गेला, एवढेच. पावसाळ्यात बांध्या भरल्यावर आपल्याकडे विहिरीचे पाणी किती वर येते हे प्रत्येकाने पाहिले आहे. चार फुटांच्या खड्ड्यातील पोते तेव्हा पाण्यातच असते.

जाळणेही तितकेच चुकीचे आहे. क्लोरिनयुक्त औषधे जाळण्याच्या भट्टीत दुसऱ्या कक्षाचे तापमान सुमारे ११०० अंश सेल्सिअस ठेवावे लागते आणि धूर धुऊन सोडावा लागतो. शेतातल्या आगीत किंवा वीटभट्टीत हे साधत नाही, उलट विष धुरातून गावात येते.

घरातील बाटली

एक-दोन बाटल्यांसाठी शेतकऱ्याला कोणताही अर्ज करावा लागत नाही. रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी भरून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे, नंतर डब्याला भोके पाडावीत. विसळलेले पाणी बोडीत किंवा नाल्यात सोडू नये. मुदत संपलेले पण भरलेले औषध मूळ डब्यातच, कुलूपबंद, घराबाहेर ठेवावे. ते दुसऱ्या बाटलीत ओतू नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच नाही.

पुढे ते द्यायचे कुठे? इथे व्यवस्था अपुरी आहे हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कीडनाशकांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि तो जमा करण्यासाठी केंद्रे उभारण्याची जबाबदारी नगरपरिषदांसारख्या नागरी संस्थांवर टाकली. ब्रह्मपुरी शहरातील रहिवासी नगरपरिषदेकडे तशी लेखी मागणी करू शकतो. खेड्यातील शेतकऱ्याला दुकानदाराकडे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीकडे विनंती करावी लागते. गावातील सर्वांचा माल एका यादीत आणून संस्थेच्या साठ्याबरोबर पाठवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.

कृषी केंद्रातील साठा

परवानाधारक विक्रेत्यासाठी नियम स्पष्ट आहे. नियम १०-अ प्रमाणे मुदत संपताच माल वेगळा काढावा, त्यावर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारावा, आखून दिलेल्या स्वतंत्र जागेत ठेवावा आणि तिथे "मुदतबाह्य कीडनाशके" असा फलक लावावा. तपासणीत गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक सर्वप्रथम हेच पाहतात. शिक्का नसलेला मुदतबाह्य डबा विक्रीच्या मांडणीत सापडला, तर तो विक्रीला ठेवला असाच अर्थ काढला जातो.

माल कंपनीला परत करणे हा विक्रेत्यासाठी सर्वांत सोपा मार्ग आहे, पण मुदत संपण्यापूर्वीच. परतीच्या चलनावर औषधाचे नाव, तीव्रता, बॅच क्रमांक, उत्पादन व मुदतीची तारीख आणि नग लिहून वितरकाची पोच घ्यावी. साठा रजिस्टरमध्ये त्याच दिवशी नोंद करावी. "कंपनीचा माणूस घेऊन गेला" ही नोंद कागदावर नसेल, तर रजिस्टरप्रमाणे तो माल तुमच्याकडेच आहे.

संस्थेचे किंवा सरकारी गोदाम: खरे काम इथे आहे

सुरुवात यादीने करावी. यादी होईपर्यंत काहीही हलवू नये, ओतू नये, एकत्र करू नये आणि झाडूही मारू नये. एकाच वेळी दोघांनी आत जावे. दारे-खिडक्या आधी उघडून ठेवाव्यात. रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रसायनाच्या वाफेसाठीचा मुखवटा वापरावा. साधा रुमाल किंवा कापडी मास्क उपयोगाचा नाही. प्रत्येक नगाचे नाव, तीव्रता, प्रकार (दाणेदार, भुकटी, द्रव), बॅच, मुदत, नगसंख्या, अंदाजे वजन आणि वेष्टनाची अवस्था लिहावी, फोटो काढावा. लेबल नसेल तर "अनोळखी, पांढरी भुकटी, अंदाजे २० किलो" असे लिहावे. वासावरून नाव ठरवू नये, त्यासाठी डबा नाकाशी नेणे तर धोक्याचेच आहे. जमिनीवर कुठे सांडले आहे, किती चौरस फूट, आणि जवळची विहीर, बोडी, हातपंप किती अंतरावर, याचा हाताने काढलेला नकाशा जोडावा. पुढच्या सर्व अर्जांत हीच यादी लागते.

यानंतर तालुका कृषी अधिकारी कार्यालयाला पत्र देऊन निरीक्षकांसमक्ष पंचनामा करून घ्यावा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही असल्यास उत्तम.

आता हिशेबाचा भाग. अनेक गोदामांत माल वर्षानुवर्षे पडून राहण्याचे कारण विषाची भीती हे नसते, तर ताळेबंद हे असते. पुस्तकात त्या मालाची किंमत अजून शिल्लक साठा म्हणून दिसते. तो फेकला तर तूट निघते आणि तूट कोणावर, या भीतीने एक सचिव दुसऱ्या सचिवाला कुलूप सोपवून जातो. म्हणून संचालक मंडळाचा ठराव, लेखापरीक्षकाचा दाखला आणि सर्वसाधारण सभेत निर्लेखनाची मंजुरी हे कागद आधी करावेत. आणखी कोणाची परवानगी लागेल ते सहायक निबंधक कार्यालयात लेखी विचारावे. ठरावात "निर्लेखित माल नष्ट केला" असे लिहू नये. "धोकादायक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे पाठवण्यास मंजुरी" असे लिहावे.

इथून पुढे विषय कृषी खात्याचा राहत नाही, हे अनेकांना माहीत नसते. माल एकदा टाकाऊ ठरला की त्याला धोकादायक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ लागू होतात. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत २९ व्या क्रमांकाखाली कीडनाशकांचे साठे आणि मुदतबाह्य कीडनाशके आहेत, तर ३३ व्या क्रमांकाखाली रसायनाने माखलेले रिकामे पिंप व डबे आहेत. अर्जात हे क्रमांक लिहावेत. हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे असून आपल्यासाठी त्याचे प्रादेशिक कार्यालय चंद्रपूरला आहे. ज्याच्या ताब्यात जागा, त्याला नियमात "भोगवटादार" म्हटले आहे आणि जबाबदारी त्याची असते. माल कोणी, कधी खरेदी केला होता याने त्यात फरक पडत नाही.

प्राधिकारपत्रासाठी अर्ज नमुना १ मध्ये करायचा असतो. मंडळ ते नमुना २ मध्ये देते आणि त्यासाठी नियमात १२० दिवसांची मुदत आहे. अर्जासोबत पाणी व हवा कायद्यांखालील संमतीपत्रे मागितली जातात. साध्या गोदामाकडे ती नसतात आणि अर्ज इथेच अडकतो. म्हणून ऑनलाइन अर्ज भरण्यापूर्वी यादी, पंचनामा व ठराव जोडून प्रादेशिक अधिकाऱ्यांना पत्र द्यावे. हा कारखान्याचा रोजचा कचरा नाही, जुना साठा एकदाच उचलायचा आहे, असे त्यात स्पष्ट लिहून कोणत्या पद्धतीने परवानगी मिळेल ते लेखी मागावे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून परत येऊ नये.

त्याच वेळी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील सामाईक धोकादायक कचरा प्रक्रिया केंद्राशी बोलणी सुरू करावीत. केंद्र आधी मालाचा नमुना किंवा तपशील मागते, त्यावरून जाळायचे की सुरक्षित भरावात टाकायचे ते ठरवते आणि वजनावर दर सांगते. लहान संस्थेला हा खर्च जड जातो. दोन-तीन संस्थांनी एकाच दिवशी वाहन ठरवावे, पण प्रत्येक संस्थेची यादी व कागद स्वतंत्र ठेवावेत.

वाहन येईपर्यंत माल पक्क्या फरशीवर, छताखाली, गळके डबे मोठ्या पिंपात घालून ठेवावा. दाणेदार, भुकटी व द्रव वेगळे ठेवावेत. नियमाने साधारणपणे ९० दिवस साठवणूक चालते, लहान भोगवटादारांना मंडळ १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. प्रत्येक पिंपावर नमुना ८ चे चकाकत्या पिवळ्या रंगाचे लेबल लावावे. त्यावर "धोकादायक कचरा" आणि "काळजीपूर्वक हाताळा" हे मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहावे लागते. साठ्याची रोजनोंद नमुना ३ मध्ये ठेवावी आणि वार्षिक विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत द्यावे. चालकाजवळ नमुना ९ चे आपत्कालीन माहितीपत्रक असल्याशिवाय गाडी सोडू नये.

निळी प्रत

सर्वांत महत्त्वाचा कागद नमुना १० चे वाहतूक चलन हा आहे. त्याच्या सात रंगीत प्रती असतात. पांढरी प्रत पाठवणाऱ्याने मंडळाला द्यायची. पिवळीवर वाहतूकदाराची सही घेऊन ती स्वतःकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात. माल उतरल्यावर गुलाबी प्रत केंद्राकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी केंद्र मंडळाला पाठवते आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. राखाडी प्रत फक्त माल दुसऱ्या राज्यातून आल्यास लागते.

पिवळी प्रत हातात आली की काम झाले असे समजले जाते. ती फक्त माल गावातून निघाल्याचा पुरावा आहे. माल केंद्रात पोहोचला, हे निळी प्रतच सांगते. ती आली नाही तर केंद्राला आणि मंडळाला लेखी कळवावे. वाटेत माल कुठेतरी टाकला गेला असेल, तर चौकशी चलनावरच्या पहिल्या नावापासून सुरू होते. पर्यावरण संरक्षण कायद्याखालील उल्लंघनाला १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. निळी प्रत मिळाल्यावर ती ठरावाच्या पुस्तकात लावावी.

जमीन दूषित झाली असेल तर

माल गेला तरी फरशीखालची माती राहते. नेहमीच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात, त्यांत कीडनाशकांचे अंश नसतात. त्यामुळे "माती तपासली, चांगली आहे" या अहवालाचा इथे उपयोग नाही. अवशेष तपासणीची सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडेच नमुने द्यावेत.

दूषित जागांसाठी जुलै २०२५ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम काढले. तोपर्यंत देशात अशा १०३ जागांची नोंद होती आणि प्रत्यक्ष सफाई फक्त सातच ठिकाणी सुरू झाली होती. नव्या नियमांप्रमाणे जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवायचे. दूषित ठरल्यास तज्ज्ञ संस्था सफाईचा आराखडा करते. जबाबदार व्यक्ती ९० दिवसांत शोधली जाते आणि खर्च तिच्याकडून घेतला जातो. ती सापडली नाही किंवा खर्च देऊ शकत नसेल, तर केंद्र व राज्याने व्यवस्था करायची. खाणकामामुळे झालेले प्रदूषण सर्वसाधारणपणे या नियमांत येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यासाठी ही मोठी वगळणूक आहे, पण जुन्या औषध गोदामाला ती लागू नाही. सफाई कधी पूर्ण व्हावी याची मात्र कालमर्यादा नियमांत नाही. माझ्या मते ही त्यातली सर्वांत कच्ची बाजू आहे.

कालमर्यादा नसली की काय होते याचे उदाहरण भोपाळ आहे. तिथला कारखाना कार्बारिल हे कीडनाशकच बनवत होता. डिसेंबर १९८४ च्या दुर्घटनेनंतर आवारात राहिलेला कचरा जाळायचा कुठे, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०११ च्या सुमारास तो नागपूरजवळच्या बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचा प्रस्ताव होता. विदर्भातून विरोध झाला आणि तो बारगळला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा बंद कंटेनरमधून पिथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून संपला. चाळीस वर्षे झाली होती. आवारातील माती आणि भूजलाचा प्रश्न त्यानंतरही शिल्लक आहे.

आपल्या तालुक्यातील जागेसाठी अर्ज साध्या कागदावर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करावा आणि प्रत प्रदूषण मंडळाला द्यावी. गट क्रमांक, मालकी, कोणता माल किती वर्षे होता, कुठे सांडला, पाण्याचे अंतर आणि ग्रामसभेचा ठराव त्यात असावा. तोवर त्या जागेत धान्य, बियाणे किंवा पशुखाद्य ठेवू नये. फरशी पाण्याने धुऊ नये. सांडलेल्यावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा पसरून तो पिंपात भरावा आणि साठ्याबरोबरच पाठवावा.

कधी सुरू करावे?

मळणी आटोपून गोदामे भरण्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरअखेर यादी व पंचनामा व्हावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला तर १२० दिवस एप्रिलच्या सुरुवातीला संपतात आणि मृग नक्षत्र लागण्याआधी गाडी भरण्यासाठी दोन महिने मिळतात. निर्लेखनाची मंजुरी मात्र सर्वसाधारण सभेत घ्यावी लागते आणि ती सभा बहुतेक संस्थांत सप्टेंबरपर्यंत होते. विषयपत्रिकेत हा विषय त्यापूर्वीच घालावा, नाहीतर पूर्ण वर्ष जाते.